‘मेमो देऊ का?’ असं विचारणाऱ्या नव्या आयसीयू इन्चार्जला

सिस्टर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात १२ खाटांच्या आयसीयूच्या तुम्ही तीन महिन्यांपूर्वी इन्चार्ज झालात. तेवढ्यात दोन प्रसंग घडले. रात्री आठला ड्यूटी बदलत असताना एका पेशंटने स्वतःची श्वासाची ट्यूब ओढून काढली. ती पुन्हा घालावी लागली, पेशंट वाचला. दुसऱ्या प्रसंगात एका नर्स मुलीने डिस्टिल्ड वॉटर समजून केसीएलचं (पोटॅशियम क्लोराइडचं) अँप्युल फोडलं, सिरिंजमध्ये भरलं, आणि द्यायच्या आधी तिचं लेबलकडे लक्ष गेलं. हे कुणी पाहिलं नव्हतं, तिनेच येऊन तुम्हाला सांगितलं. आता मॅनेजमेंट म्हणतं, ट्यूबवाल्या पेशंटच्या सिस्टरला आणि या मुलीला, दोघींना मेमो, म्हणजे लेखी ताकीद, द्या. तुम्हाला वाटतं, दिला नाही तर शिस्त राहणार नाही, आणि दिला तर मुली सोडून जातील.

केसीएलवाल्या मुलीला मेमो देऊ नका. हे मी घोळवत ठेवत नाही. तिला मेमो मिळाला तर तुमच्या युनिटमध्ये चुका होणं थांबणार नाही, त्या तुमच्या कानावर येणं मात्र थांबेल. ट्यूबवाल्या मुलीचं वेगळं आहे, तिकडे येतेच.

मी २४ वर्षं आयसीयूत आहे, त्यातली ११ इन्चार्ज म्हणून. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी काय करून बसणार होते ते सांगते. मे महिना, आणि तोही नागपूरचा. उष्माघाताचे पेशंट एकामागोमाग एक येऊन राहिले होते. रात्रपाळीला मी आणि एक शिकाऊ मुलगी, आमच्या दोघींत सहा पेशंट. पहाटे तीनला एकाचं पोटॅशियम २.४, म्हणजे फारच कमी, आलं. डॉक्टरांना फोन लावला, ते झोपेतच म्हणाले, “दोन अँप्युल केसीएल देऊन टाका.” मी दोन अँप्युल सिरिंजमध्ये भरली, सलाईनच्या नळीचा थ्री-वे पुसला, सिरिंज लावलीसुद्धा. ती मुलगी शेजारच्या खाटेवर ओल्या पट्ट्या बदलत होती. तिथूनच म्हणाली, “ताई, हे डायरेक्टच देतेत का?”

केसीएल पातळ न करता शिरेत दिलं तर हृदय बंद पडतं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेत मीच ते लिहून मार्क घेतले होते. पण पहाटे तीनला, सहा पेशंटमध्ये, हात चालत असतात आणि डोकं दोन खाटा मागे राहिलेलं असतं.

सकाळी आमच्या इन्चार्ज सिस्टरांना रडत रडत सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मावशींना चहा आणायला पाठवलं, आणि मला ट्रॉलीचा खण उघडायला लावला. केसीएल, डिस्टिल्ड वॉटर आणि सलाईन, तिन्हींची १० एमएलची प्लास्टिकची अँप्युल एकाच कप्प्यात, झाकणाला झाकण लावून. दुपारपर्यंत केसीएल तिथून हललं आणि वेगळ्या डब्यात, कुलपाखाली गेलं. डब्यावर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती: ‘पातळ केल्याशिवाय नाही. दुसरीने बघितल्याशिवाय नाही.’ मला मेमो मिळाला नाही. त्या शिकाऊ मुलीला मात्र सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली, आणि त्या दिवसापासून ती फारच प्रश्न विचारायला लागली. डॉक्टर लोक वैतागायचे तिच्यावर.

तर तुमचं पहिलं काम, उद्या सकाळी खण उघडा. मुलगी चुकली ती त्या खणामुळे चुकली असण्याची शक्यता मोठी आहे, आणि खण तसाच राहिला तर पुढच्या महिन्यात दुसरी मुलगी चुकेल. केसीएलच्या १० एमएलच्या एका अँप्युलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. साध्या शिरेतून तासाला १०, सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेली नळी) आणि मॉनिटर असेल तर २०, यापुढे जायचं नाही, हे डब्याच्या झाकणावरच चिकटवा. कुलूप लावाल तर चावी युनिटमध्येच ड्यूटीवरच्या सिनियर सिस्टरकडे असू द्या. आमच्याकडे एकदा इन्चार्जच्या पर्समधून चावी हिंगण्याला गेली होती, आणि रात्री कुलूप फोडावं लागलं. तेव्हापासून ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, चावीही हातात दिली जाते.

इन्सुलिनचंही बघून घ्या. एका एमएलमध्ये ४० युनिट असलेली बाटली आणि १०० युनिट असलेलं पेन, आपल्याकडे दोन्ही चालतं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारिंगी टोपीची १०० साठी. नातेवाईक घरचं पेन आणून देतात, सुई नसते म्हणून कुणीतरी पेनातलं इन्सुलिन हाताला लागेल त्या सिरिंजने ओढतं. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं की पेशंटला ५० युनिट गेलं. बेशुद्ध, व्हेंटिलेटरवरच्या माणसाची शुगर पडली तर घाम येतोय, हात थरथरतायत, हे तो सांगणार कुणाला? घरचं पेन युनिटमध्ये येऊच देऊ नका. आणि फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या शेजारी अॅट्राक्युरियम (स्नायू लुळे करणारं औषध) ठेवलं असेल तर ते आजच वेगळ्या डब्यात हलवा.

आता मॅनेजमेंटशी बोलायचं आहे, तर ही एक घटना जवळ ठेवा. २०१७ साली अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये एका नर्सने मिडाझोलाम द्यायच्या ऐवजी व्हेक्युरोनियम दिलं. एकाने झोप येते, दुसऱ्याने श्वासाचे स्नायूच थांबतात. पेशंट दगावली. नर्सने चूक लपवली नव्हती. २०२२ मध्ये ज्युरीने तिला फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरवलं आणि ३ वर्षांची परिवीक्षा झाली. तिने वाटेत बऱ्याच धोक्याच्या खुणा ओलांडल्या होत्या, हेही खरं. पण निकालानंतर तिकडच्या नर्सच्या संघटनांनी जी भीती बोलून दाखवली ती आपल्यालाही कळते: आता कोण स्वतःहून सांगणार?

तुमच्या युनिटचं चुकांचं रजिस्टर काढून बघा. सहा महिन्यांत ‘निरंक’ लिहिलेलं असेल तर आनंद मानू नका. १२ खाटांच्या आयसीयूत सहा महिन्यांत एकही चूक नाही, हे होऊच शकत नाही. मी इन्चार्ज झाले तेव्हा आमचंही रजिस्टर कोरं होतं. पहिल्या वर्षी नोंदी वाढल्या, तेव्हा वरच्या लोकांनी मला बोलावून विचारलं की तुम्ही आल्यापासून चुका का वाढल्या. त्या बैठकीत मला काय काय ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही.

मग मेमो कधीच नाही का? आहे. मी माझ्या कारकिर्दीत तीन दिले, आणि तिन्ही खोट्या नोंदींसाठी. रात्रभराचा चार्ट सकाळी सहाला एका बैठकीत भरला जातो, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. ओळखायचं कसं? रेस्पिरेशनचा रकाना बघा. मॉनिटरवर नाडी आणि ऑक्सिजनचे आकडे आयते मिळतात, श्वास मात्र बऱ्याचदा उभं राहून मोजावे लागतात. रकान्यात वरपासून खालपर्यंत २०, २०, २०, २० दिसलं की समजायचं. पेशंट बिघडायला लागला की सगळ्यात आधी श्वास वाढतात, बीपी पुष्कळ नंतर पडतं. म्हणजे जो आकडा आपल्याला चार तास आधी सावध करणार, तोच आपण मनाने लिहितो. तरीही पहिल्यांदा सापडली की मी मेमो देत नाही. आधी विचारते, रात्री तुझ्याकडे किती पेशंट होते? चार असतील तर ती सही माझी पण आहे. दोनच होते, मोबाईल हातात होता आणि अलार्म बंद करून ठेवला होता, तर मग मेमो.

ट्यूबकडे वळते. तुम्ही वेळ लिहिली, रात्री आठ, आणि मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं. त्या वेळी दोन्ही पाळ्यांच्या मुली कुठे होत्या? नक्की काउंटरवर. आपल्याकडे ओव्हर काउंटरवर, फाईल बघून, उभ्या उभ्या होते. दिवसवालीला घरी जायची घाई असते, कारण कामठीकडची शेवटची सोयीची बस निघून जाईल. रात्रवाली अजून एप्रन घालत असते. त्याच वेळेला नातेवाईकांची भेटायची वेळ असते, त्याच वेळेला लॅबचे फोन, आणि बऱ्याच कन्सल्टंट लोकांचा ओपीडी संपवून राऊंडही त्याच वेळेला. अशा वेळी झोपेच्या औषधाचा पंप कमी केलेला एक घाबरलेला माणूस डोळे उघडतो, घशात काहीतरी अडकलंय एवढंच त्याला कळतं, आणि तो ते काढून टाकतो. त्याच्या जागी आपणही तेच केलं असतं.

मुलीला मेमो देऊन यातलं काय बदलेल? बदलायचं ते तुमच्या हातात आहे, तिच्या नाही. भेटायची वेळ सहा ते सात करा. नातेवाईक एक आठवडा भांडतील, मग त्याच वेळेला येतील. ओव्हर खाटेपाशी, दोघींचे हात पेशंटला लागलेले. बोट ठेवून सांगायचं: ट्यूब ओठापाशी २२ वर आहे, ट्यूबच्या टोकाच्या फुग्याचा (कफचा) दाब २५ आहे, टेप घामाने सुटलेली नाही, पंपवर नॉरअॅड (बीपी टिकवणारं औषध) इतक्या वेगाने चाललंय आणि सिरिंज अमुक वेळेला संपेल, लघवी गेल्या तासात इतकी, हात बांधलेत का आणि बांधले असतील तर का. शेवटी ड्यूटीवर येणाऱ्या मुलीने एकच वाक्य म्हणायचं: ‘आज रात्री या पेशंटची मला भीती कशाची वाटते.’ हे वाक्य मी कुठल्या पुस्तकातून घेतलेलं नाही, पण आमच्याकडे सगळ्यात उपयोगी तेच ठरलं. दाढी असलेल्या पेशंटला टेप धरत नाही, कापडी पट्टी बांधा. उन्हाळ्यात एसी नीट चालत नसेल तर टेप दर पाळीला बघा.

आणि बस. हसू नका, बस हा पेशंटच्या सुरक्षेचा विषय आहे. मी मॅनेजमेंटकडून ओव्हरची २० मिनिटं ड्यूटीत धरून घेतली आणि लांब राहणाऱ्या मुलींसाठी साडेआठची गाडी मागितली. गाडी मिळायला आठ महिने लागले. ती मिळाल्यावर ओव्हरमध्ये सुटणाऱ्या गोष्टी जितक्या कमी झाल्या तितक्या कुठल्याही ट्रेनिंगने झाल्या नव्हत्या.

‘थांबा’ म्हणायचं कसं, यावर लोक भाषणं फार देतात. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात २००३ ते २००५ दरम्यान १०३ आयसीयूंमध्ये एक काम झालं, पीटर प्रोनोव्होस्ट आणि सहकाऱ्यांचं. सेंट्रल लाइन घालताना पाच साध्या गोष्टी: हात धुणं, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा पुसणं, पेशंट पूर्ण झाकणं आणि स्वतः टोपी-मास्क-गाऊन घालणं, शक्यतो जांघेतून लाइन न घालणं, गरज संपली की काढणं. हजार लाइन-दिवसांमागे (एक लाइन एक दिवस आत राहिली की एक लाइन-दिवस) रक्तातला संसर्ग सरासरी ७.७ होता, तो दीड वर्षात १.४ वर आला. लोक ती यादी छापून भिंतीवर लावतात आणि त्यातलं महत्त्वाचं विसरतात: डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार तिथे नर्सला दिला होता, आणि वरचे लोक तिच्या पाठीशी उभे राहणार हे आधीच ठरलेलं होतं.

आपल्याकडे २३ वर्षांची जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेली मुलगी पन्नाशीच्या सरांना ‘सर, गाऊन’ म्हणेल का? नाही म्हणणार. म्हणून मी मुलींना धीट व्हायला सांगितलंच नाही. सरांकडे गेले. म्हटलं, सर, सोमवारच्या राऊंडला सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणा की सिस्टरने थांब म्हटलं तर मी थांबणार. सर भला माणूस, म्हणाले. तिसऱ्या दिवशी एका मुलीने खरंच थांबवलं, आणि सरांच्या कपाळावर आठ्या आल्या, पण शब्द दिला होता, थांबले. त्यानंतर बाकीच्या डॉक्टरांना सांगावं लागलं नाही. तुमच्या युनिटमध्ये असा एक तरी कन्सल्टंट असेल. आधी तो शोधा.

फोनवरच्या ऑर्डरबद्दल एक नागपुरी अडचण सांगते. आपल्या युनिटमध्ये एक मुलगी केरळची, एक गडचिरोलीची, एक बालाघाटची. डॉक्टर अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलणार. ‘सात’ आणि ‘साठ’ फोनवर सारखंच ऐकू येतं. ‘अडीच’ केरळच्या मुलीला कळतच नाही, आणि कळलं नाही म्हणायला ती लाजते. आमच्याकडे नियम आहे: आकडा सुटा करून परत म्हणायचा. ‘सर, साठ, सहा-शून्य, बरोबर?’ दीड, अडीच, पाव हे शब्द औषधाच्या बाबतीत बंद. ‘एक पॉइंट पाच’ म्हणायचं. औषधाचं नाव, मात्रा, कुठल्या मार्गाने आणि किती वेळात, ही चारही उत्तरं मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही. माझ्या त्या रात्री डॉक्टरांनी शेवटची दोन सांगितली नव्हती, आणि मी विचारली नव्हती.

डोकं ३० ते ४५ अंश वर, दोन तासांनी कूस बदलणं, हात धुणं, कॅथेटरची रोज गरज तपासणं, हे तुम्हाला माझ्याकडून शिकायची गरज नाही. एकच बदल नोंदवते, कारण अजून पुष्कळ ठिकाणी जुनंच चालू आहे: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं तोंड क्लोरहेक्सिडिनने धुवायचा आग्रह २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांमध्ये सोडून दिलाय, त्याऐवजी ब्रशने दात घासायला सांगितलंय. लहान मुलांचा मऊ ब्रश आणा, स्वस्त मिळतो. तुमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीपुढे हा विषय ठेवा आणि मग बदला.

माणसं कमी आहेत, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण असणारच. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एक सिस्टर, बाकी दोघांना एक, हा हिशेब रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या तपासणीच्या दिवशी सगळीकडे बरोबर जुळतो. वर मागायला जाल तेव्हा रडगाणं नेऊ नका, आकडा न्या. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा २००२ सालचा अभ्यास आहे, लिंडा एकन यांचा: शस्त्रक्रियेच्या पेशंटमध्ये दर नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. तो अभ्यास वॉर्डचा आहे, आयसीयूचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगा. माणसं मिळेपर्यंत वाटप खाट क्रमांकाने करू नका. एक-दोन-तीन हिला, चार-पाच-सहा तिला, असं करता करता दोन्ही वाईट पेशंट एकीच्याच वाट्याला येतात, आणि ती नेमकी मागच्या महिन्यात लागलेली असते.

उन्हाळ्याआधी आणखी एक काम आटोपून घ्या. एप्रिल-मेमध्ये एसीचा भार वाढला की लाइट जातात. जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात. तेवढ्यात पंप बॅटरीवर चालायला हवेत, पण ज्या पंपाचा प्लग वर्षभर काढलाच नाही त्याची बॅटरी मेलेली आहे हे त्या सेकंदांतच कळतं, आणि नॉरअॅड थांबलं की बीपी दोन-तीन मिनिटांत खाली. महिन्यातून एकदा रिकाम्या पंपाचा प्लग काढून अर्धा तास चालवून बघा, तारीख पंपावरच लिहा. आगीचं तर आपल्याला सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ ला पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि १० बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाडीतल्या एका रुग्णालयात आग लागून पेशंट दगावले. आपल्या मॉक ड्रिलमध्ये वॉर्डबॉय मामा सिलिंडर फवारतात, फोटो निघतो, चहा होतो. एकदा खरी खाट, वर पोत्यांचं वजन, सोबत हाताने श्वास द्यायची अंबू बॅग आणि ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन दारातून काढून बघा. आमची खाट दारात अडकली होती, चार बोटांनी. सेंट्रल ऑक्सिजनचा झोनचा व्हॉल्व्ह कुठे आहे आणि तो कुणी, कधी बंद करायचा, हे रात्रपाळीच्या प्रत्येकीला अंधारात सांगता आलं पाहिजे.

राहिली ट्यूबवाली मुलगी. चौकशी करा, पण तिला समोर बसवून नाही, तिच्यासोबत खाटेपाशी उभं राहून, घड्याळात आठ वाजलेले असताना. तिला या आठवड्यात एकटीला व्हेंटिलेटर देऊ नका, आणि काढूनही घेऊ नका. सिनियर मुलीच्या जोडीला लावा. रात्री झोप येते का विचारा. माझ्या त्या प्रसंगानंतर तीन महिने मी प्रत्येक अँप्युल दोनदा वाचायचे, एकदा वाचलेलं डोक्यात राहायचंच नाही. मॅनेजमेंटला मेमोऐवजी एक पानाचा कागद द्या: काय घडलं, त्या वेळी कोण कुठे होतं, काय बदललं, कधीपासून. त्यांना कागद हवा असतो, तो मिळाला की बहुतेक शांत होतात.

आणि पेशंट वाचलाय म्हणालात ना. एव्हाना वॉर्डात गेला असेल. तिची ड्यूटी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं काढा, तिला सोबत घ्या आणि दोघी त्याला भेटून या. काही बोलायची गरज नाही. बसला असेल खाटेवर, चहा पीत.